जरायु, उल्ब आणि पाणमोट : एक शब्देतिहास

गर्भाच्या आवरणांसाठी प्राचीन वाङ्मयात 'जरायु' आणि 'उल्ब' हे दोन शब्द वारंवार येतात. आजच्या शास्त्रीय परिभाषेत 'उल्ब' म्हणजे गर्भजल धारण करणारे आतील आवरण आणि 'जरायु' म्हणजे त्याबाहेरील आवरण, असा भेद केला जातो. तथापि हा निश्चित अर्थ जुन्या ग्रंथांवर लादल्यास अर्थबोधात घोटाळा होतो, हे पुढील उदाहरणांवरून स्पष्ट व्हावे.

अथर्ववेदातील प्रसूतिसूक्तात (१.११) जरायु खाली पडावा, अशी प्रार्थना आहे. तेथे बालकामागून बाहेर येणारी वार व तिला जोडलेली आवरणे, असे सारेच अभिप्रेत दिसते. छांदोग्योपनिषदात (३.१९) मात्र विश्वाचे अंडे फुटल्यावर जरायूचे पर्वत झाले आणि उल्बाचे मेघ व धुके झाले, असे वर्णन आहे. जाड व तलम अशा दोन आवरणांचा भेद येथे उघड आहे. पुढे सुश्रुतसंहिता नवजात बालकाचे उल्ब दूर करण्यास सांगते. तेथे पाण्याची पिशवी नव्हे, तर बालकाच्या अंगास चिकटून आलेला लेप समजणेच युक्त होय. अमरकोशात तर गर्भाशय, जरायु आणि उल्ब ही नावे एकाच ओळीत आल्याने भेद पुसट होतो. केवळ कोशावर विसंबणारा वाचक गीतेतील (३.३८) उल्बाने वेढलेल्या गर्भाचा दृष्टान्त वाचताना गर्भाशयाची कल्पना करील, आणि दृष्टान्ताचे मर्म हरवेल. ज्ञानेश्वरांनी (शके १२१२) तेथे 'उल्ब' शब्द कायम ठेवून त्यास 'खोळ' ही घरगुती कल्पना जोडली, आणि अर्थ निःसंदिग्ध केला.

द्रवासाठी चरकसंहितेत 'गर्भोदक' शब्द आहे. आवी, म्हणजे वेणा, सुरू झाल्यावर त्याचा स्राव होतो, असा क्रम तेथे दिला आहे. लोकभाषेने मात्र द्रव आणि त्याची पिशवी यांस मिळून एकच नाव दिले : 'पाणमोट'. बैलांकडून विहिरीचे पाणी उपसणारी चामड्याची मोट ज्यांनी रोज पाहिली, त्यांचा हा शब्द. पंप आल्यावर विहिरीवरील मोट गेली. 'पाणमोट फुटली' हा प्रयोग राहिला. वस्तू लोपली तरी तिच्यावरून पडलेले नाव टिकते, याचे हे उत्तम उदाहरण होय.

'गर्भजलपरीक्षा' या अर्वाचीन सामासिक शब्दाचा प्रवास याहून क्लेशकारक आहे. गर्भातील दोष ओळखण्यासाठी गर्भजलाची तपासणी, हा त्याचा मूळ अर्थ. या तपासणीचा उपयोग मुलीचा गर्भ ओळखून पाडण्यासाठी होऊ लागला. महाराष्ट्राने १९८८ मध्ये आणि केंद्राने १९९४ मध्ये त्याविरुद्ध कायदा केला. या काळात लोकव्यवहारात हा शब्द 'लिंगपरीक्षा' याच अर्थी रूढ झाला. येथे अर्थसंकोच घडविला तो समाजाच्या आचरणाने.

सारांश, या शब्दांचा अर्थ प्रत्येक स्थळी संदर्भावरूनच निश्चित केला पाहिजे. परिभाषाकारांनीही 'उल्ब' स्वीकारताना 'पाणमोट' कोशाबाहेर ठेवू नये. वेणांपूर्वीच पाणी गेल्यास जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. अशा वेळी प्रसूतेच्या तोंडी येणारा शब्द वैद्यास ठाऊक असणे अगत्याचे आहे.