व्हिएन्नाहून पळून आलेला चित्रकार मुंबईत ‘टाइम्स’चा आर्ट डायरेक्टर झाला आणि रझांना रंग शिकवून गेला

सय्यद हैदर रझांचं ‘सौराष्ट्र’ हे चित्र २०१० साली लंडनच्या लिलावात सोळा कोटींहून जास्त रुपयांना विकलं गेलं. बातमी सगळ्यांनी वाचली. पण हेच रझा विशीत असताना मुंबईत एका ब्लॉक बनवणाऱ्या स्टुडिओत नोकरी करायचे आणि रविवारी नेपियन सी रोडवरच्या एका परदेशी जोडप्याच्या घरी जायचे, ही गोष्ट फार कमी लोकांना माहीत असते. त्या घराच्या मालकाचं नाव वॉल्टर लँगहॅमर.

लँगहॅमर यांचा जन्म १९०५ चा, ऑस्ट्रियातल्या ग्राझ शहरातला. व्हिएन्नाच्या कला अकादमीत ते शिकले आणि पुढे तिथेच चित्रकला शिकवायला लागले. पत्नी कॅथे ज्यू, विचारांनी डावी. मार्च १९३८ मध्ये हिटलरने ऑस्ट्रिया गिळंकृत केला तेव्हा अशा घराचं काय होणार हे सांगायला ज्योतिषी लागत नव्हता. त्याच वर्षी त्यांनी देश सोडला आणि मुंबई गाठली.

इथे एक गोंधळ समजून घ्यायला हवा. जुन्या लिखाणात लँगहॅमर कधी ‘जर्मन चित्रकार’ म्हणून भेटतात, कधी ऑस्ट्रियन म्हणून. कारण सरळ आहे. ऑस्ट्रिया जर्मनीत विलीन झाल्यावर तिथले लोक कागदोपत्री जर्मन ठरले. म्हणजे ज्या देशापासून पळायचं, त्याचाच शिक्का कपाळावर. सप्टेंबर १९३९ ला महायुद्ध पेटलं तेव्हा इंग्रज सरकारने भारतातले जर्मन-ऑस्ट्रियन लोक ‘शत्रुराष्ट्राचे नागरिक’ म्हणून धरले आणि अहमदनगरच्या छावणीत नेऊन ठेवले. नाझींच्या भीतीने आलेले ज्यूसुद्धा त्यातून सुटले नाहीत. चौकशी होऊन पुढे अनेकांची सुटका झाली, पण ही टांगती तलवार अशा प्रत्येक घरावर होती.

बोरीबंदरचं ऑफिस

मुंबईत लँगहॅमर यांना काम मिळालं ते ‘टाइम्स ऑफ इंडिया’त. या वृत्तपत्राचे ते पहिले आर्ट डायरेक्टर. व्हीटी स्टेशनसमोरच्या त्या इमारतीतून फक्त रोजचा पेपर निघत नव्हता. ‘इलस्ट्रेटेड वीकली ऑफ इंडिया’ हे चित्रांनी भरलेलं साप्ताहिक आणि रंगीत चित्रांचा वार्षिक अंकही तिथूनच निघायचे.

आता तुम्ही म्हणाल, मासिकाची पानं सजवणं आणि चित्रकला यांचा काय संबंध? त्या काळात फार जवळचा होता. रंगीत चित्र छापायचं म्हणजे आधी त्याचे रंग वेगळे करायचे: पिवळा, लाल, निळा आणि काळा. बारीक जाळीतून फोटो काढून प्रत्येक रंगाचा ठिपक्याठिपक्यांचा वेगळा ब्लॉक बनवायचा आणि एकच कागद चार वेळा छापायचा. कुठला रंग दुसऱ्याशेजारी ठेवला की उजळतो, कुठला मरतो, हे या कामात रोज डोळ्यासमोर घडतं. लँगहॅमर स्वतः रंगांचेच चित्रकार होते. जाड, मोकळे फटकारे, सावलीतही काळ्याऐवजी निळा-जांभळा, आणि भारतातलं ऊन. बाजार, रस्ते, निसर्गदृश्यं हे त्यांचे विषय.

शिवाय मासिकाचं पान हीच तेव्हा बहुतेकांची आर्ट गॅलरी होती. जहांगीर आर्ट गॅलरी उभी राहिली ती १९५२ ला, आणि तीही मुंबईत. मनमाडच्या पुढे निजामाच्या रेल्वेवर लासूर स्टेशनसारख्या गावात राहणाऱ्या माणसाला चित्र दिसायचं ते देवळात, कॅलेंडरवर, नाहीतर कुणाच्या घरी आलेल्या छापील अंकात.

१९४७ ला आर. के. लक्ष्मण ‘टाइम्स’मध्ये आले, तेव्हाही तिथला कला विभाग लँगहॅमर यांच्याच हाताखाली होता. पुढचा ‘कॉमन मॅन’ सगळ्यांना ठाऊक आहे. त्याच्या निर्मात्याला दारातून आत घेणाऱ्यांत हा ऑस्ट्रियन माणूस होता, हे मात्र सहसा कोणी सांगत नाही.

रविवारची शाळा

मुंबईत तेव्हा चित्रकला म्हणजे जे. जे. स्कूल ऑफ आर्ट. १८५७ ची संस्था, हुबेहूब चित्रणाचं शिस्तशीर शिक्षण. प्राचार्य चार्ल्स जेरार्ड यांनी नव्या प्रवाहांसाठी खिडकी उघडली होती हे खरं, पण सेझान किंवा कोकोश्का पाहायचा तर कुठे? मूळ चित्रं इथे नव्हतीच. लँगहॅमर यांच्या घरी या चित्रकारांच्या चित्रांच्या छापील प्रती होत्या, पुस्तकं होती आणि समजावून सांगणारा माणूस होता. रविवारी घर उघडं असायचं. चित्रकार आपलं काम घेऊन यायचे, लँगहॅमर त्यावर बोलायचे, कॅथे यजमानीण.

रझा नागपूरच्या कलाशाळेतून १९४३ ला मुंबईत आले. बॉम्बे आर्ट सोसायटीच्या प्रदर्शनात त्यांचं काम लँगहॅमर यांच्या नजरेत भरलं आणि त्यांनी या पोराला जवळ केलं. रझांची चाळीसच्या दशकातली मुंबईच्या रस्त्यांची आणि पुढे काश्मीरची चित्रं पाहिली, तर रंग सैल सोडण्याची ही शिकवण उघड दिसते. ‘बिंदू’वाले रझा फार नंतरचे.

कृष्णाजी हौळाजी आरांची गोष्ट आणखी वेगळी. हैदराबादजवळच्या बोलारमहून लहानपणी पळून मुंबईत आलेला मुलगा, घरगडी म्हणून राबला, मोटारी धुतल्या. त्याची चित्रं हेरली ती रूडी फॉन लायडन यांनी.

हे लायडन मात्र अस्सल जर्मन. १९०८ चा बर्लिनचा जन्म, शिक्षण भूगर्भशास्त्राचं. हिटलर सत्तेवर आल्यावर १९३३ मध्येच मुंबईत आले आणि जाहिरातीच्या धंद्यात शिरले. ‘टाइम्स’मध्ये कलासमीक्षा लिहायचे आणि युद्धकाळात ‘डेन्ली’ या सहीने राजकीय व्यंगचित्रं काढायचे. ‘लायडन’च्या इंग्रजी स्पेलिंगमधली अक्षरं उलटसुलट केली की ‘डेन्ली’ होतं! तिसरे इमॅन्युएल श्लेसिंजर, व्हिएन्नाचेच. मुंबईत त्यांनी औषधांचा व्यवसाय काढला. लँगहॅमर शिकवायचे, लायडन लिहायचे आणि श्लेसिंजर चित्र विकत घ्यायचे. उपाशी चित्रकाराला यातलं तिसरं काम सगळ्यात जास्त आवडत असणार.

१९४७ ला सुझा, रझा, हुसेन, आरा, गाडे आणि बाकरे यांनी ‘प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप’ काढला. १९४९ ला त्यांचं प्रदर्शन मुंबईत भरलं. गाडे अमरावती जिल्ह्यातल्या तळेगाव दशासरचे, सदानंद बाकरे शिल्पकार. या सहा जणांच्या पाठीशी ही तीन परदेशी माणसं उभी होती.

श्रेय किती द्यायचं?

इथे जरा हात आखडता घ्यायला हवा. ‘गोऱ्यांनी येऊन आपल्याला आधुनिक कला शिकवली’ असं सांगणं सोपं आहे, आणि चूक आहे. अमृता शेरगिल यांचं काम लँगहॅमर स्थिरावण्याआधीच झालं होतं. १९४१ ला जे. जे.च्या तरुणांनी ‘यंग टर्क्स’ म्हणून वेगळी वाट धरली होती. सुझांना तर जे. जे.तून काढून टाकलं होतं. बंड शिकायला त्यांना व्हिएन्नाचा मास्तर लागत नव्हता. लँगहॅमर स्वतः अमूर्त चित्रकलेकडे वळलेही नाहीत. त्यांचे विद्यार्थी त्यांना मागे टाकून पुढे गेले. त्यांनी दिलं ते नेमकं होतं: पाहायला चित्रं, बसायला जागा आणि रंगाबद्दल भीड न ठेवता केलेली चर्चा.

याची किंमत त्यांच्या स्वतःच्या चित्रांनी मोजली. कलेच्या इतिहासात लँगहॅमर भेटतात ते दुसऱ्याच्या चरित्रात, एका परिच्छेदापुरते. त्यांचे कॅनव्हास कधीमधी लिलावात दिसतात. ऑफिसात वर्षानुवर्षं सजवलेल्या पानांवर तर त्यांची सही असण्याचा प्रश्नच नव्हता.

लायडन यांच्या वाट्याला वेगळंच काम आलं. ते गंजिफाच्या नादी लागले. गंजिफा म्हणजे हाताने रंगवलेले गोल पत्ते, आपल्याकडे सावंतवाडीची त्यासाठी ओळख. लायडन यांनी देशभरातले पत्ते जमवले, खेळाचे नियम नोंदवले. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमने १९८२ ला त्यांचं गंजिफावरचं पुस्तक काढलं. पुढच्याच वर्षी ते वारले.

लँगहॅमर १९५७ ला लंडनला गेले. तोवर त्यांच्या रविवारच्या घरातली माणसं जगभर पांगली होती. रझा पॅरिसमध्ये होते, सुझा आणि बाकरे आधीच लंडनमध्ये. आरा मुंबईतच राहिले, फुलांची चित्रं काढत. लँगहॅमर १९७७ ला वारले.