वीज परतल्यावर पहिला हुकूम कोणाचा?

१/ मे २०२१. तौक्ते चक्रीवादळाने मालवण-देवगडचा किनारा झोडपला. सिंधुदुर्गात विजेचे खांब कोसळले, गावे अंधारात बुडाली. अशा किनाऱ्यावरील प्रत्येक सर्व्हरपुढे एकच प्रश्न असतो : वीज परतेल, यंत्र जागे होईल, पण आज्ञा देणारा माणूस समोर नसेल तर काम सुरू कोण करणार?

२/ उत्तराचे मूळ १९६०च्या दशकात आहे. एमआयटीतील 'सीटीएसएस' प्रणालीसाठी लुई पूझाँ यांनी 'रनकॉम' रचला. आज्ञा फाइलीत लिहून ठेवायच्या. यंत्राने त्या ओळीने पार पाडायच्या.

३/ बेल लॅब्जच्या युनिक्सने हा वारसा घेतला. कर्नल प्रथम 'इनिट'ला जागे करी आणि इनिट 'आरसी' फाइलीतील आज्ञा चालवी. 'आरसी' हे रनकॉमचेच संक्षिप्त रूप. १९९१ साली जन्मलेल्या लिनक्सनेही हीच वाट धरली.

४/ उणीव मात्र राहिली. 'आरसी.लोकल'मधील किंवा क्रॉनच्या '@रिबूट' ओळीतील आज्ञा एकदाच चाले. डेटाबेस तयार नसल्याने ती फसली, तर पुन्हा प्रयत्न करणारे कोणी नसे.

५/ २०१० मध्ये लेनार्ट पोटरिंग आणि काय सीव्हर्स यांनी 'सिस्टमडी' आणले. कोणती सेवा कोणत्या सेवेनंतर सुरू व्हावी, कोसळल्यास पुन्हा उभी राहावी का, हे आधीच लिहून ठेवता येऊ लागले. 'एका आज्ञावलीने एकच काम' या युनिक्सच्या तत्त्वाला हरताळ फासल्याचा आरोप झाला. डेबियनमधून 'देव्हुआन' हा वेगळा गट फुटला. तरीही २०१५ सालच्या डेबियन आवृत्तीत सिस्टमडीच मूळ व्यवस्था म्हणून आले.

६/ हुकूम लिहून ठेवणे जुनेच होते. तो पाळला गेला की नाही, हे पाहणारा पहारेकरी नवा होता.