हरवलेले द्राक्ष

फ्रान्समधल्या बोर्डो परिसरात पिढ्यान्‌पिढ्या द्राक्षमळे राखणारी कुटुंबे आहेत. त्यांची तांबडी वाईन सहसा एका जातीच्या द्राक्षांची नसते. काबेर्ने सोव्हिन्याँ, मेर्लो, काबेर्ने फ्राँ, थोडी पेती व्हेर्दो, कधी माल्बेक. बहुतेक ठिकाणी प्रत्येकीचा रस वेगळा आंबवतात आणि मग चाखून चाखून मिश्रणाचे प्रमाण ठरवतात. जाणकार चवीचे गोडवे गातात. मला मात्र त्यात शेतकऱ्याचा पीकविमाही दिसतो.

कसा ते पाहा. मेर्लोचे डोळे लवकर फुटतात, घडही लवकर पिकतात. तिला भीती एप्रिलमधल्या हिमाची. काबेर्ने सोव्हिन्याँ उशिरा फुटते, उशिरा पिकते. तिला धोका शरदातल्या पावसाचा. दोघी एकाच वर्षी बुडण्याची शक्यता कमी. (फेब्रुवारी १९५६ च्या थंडीत मात्र हा विमाही अपुरा पडला. असंख्य वेल गोठून मेले.)

या मिश्रणात पूर्वी कार्मेनेर नावाची आणखी एक जात असे. तिचे काय झाले?

१८६० नंतर फ्रान्समधल्या बागा वाळू लागल्या. मेलेला वेल उपटला तर मुळांवर काहीच सापडेना. १८६८ मध्ये माँपेलिएचे वनस्पतिशास्त्रज्ञ प्लाँशों आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शेजारचा जिवंत वेल उपटला, आणि मुळांवर पिवळसर किडे दिसले. मूळ मेले की किडे तिथून निघून जातात! हा फायलोक्झेरा अमेरिकेतून रोपांबरोबर आला होता. उपायही तिथलाच निघाला : किडीला दाद न देणाऱ्या अमेरिकी खुंटावर फ्रेंच वेलाचे कलम. आपले नाशिक-सांगलीचे बागायतदारही डॉगरिज हा अमेरिकी खुंट वापरतात, पण मुख्यतः खारट जमीन आणि पाणीटंचाई यांसाठी.

सगळी बाग नव्याने लावायची तर खर्च प्रचंड. मग नेमके काय लावायचे? कार्मेनेरची फुले गळतात, मणी कमी धरतात, शिवाय ती उशिरा पिकते. त्यामुळे बहुतेकांनी ती वगळली.

पण किडीच्या आधीच तिच्या काड्या चिलीला पोहोचल्या होत्या. फायलोक्झेरा तिथे पसरला नाही. मेर्लोच्या ओळींमध्ये, मेर्लो याच नावाने ती शतकभर वाढत राहिली. ही 'मेर्लो' इतकी उशिरा का पिकते, याचे कोडे होतेच. १९९४ मध्ये फ्रेंच द्राक्षतज्ज्ञ झाँ-मिशेल बूर्सिको यांनी ते वेल न्याहाळले आणि कार्मेनेर ओळखली.

पुढे डीएनए तपासणीतून वंशावळ उलगडली. काबेर्ने सोव्हिन्याँ ही काबेर्ने फ्राँ आणि पांढरी सोव्हिन्याँ ब्लाँ यांची संतती, हे १९९७ मध्ये प्रसिद्ध झाले. मेर्लो आणि कार्मेनेर यांच्याही जनकांपैकी एक काबेर्ने फ्राँच. म्हणजे पिंपात एकत्र येते तेही एक कुटुंबच!

आता उन्हाळे तापल्याने मेर्लो फारच लवकर पिकते. २०२१ मध्ये बोर्डोत पोर्तुगालच्या तूरिगा नासिओनालसह चार नव्या तांबड्या जातींना परवानगी मिळाली. मिश्रणात त्यांचे प्रमाण मात्र १० टक्क्यांपर्यंतच. कार्मेनेरला अशा नव्या परवानगीची गरज नव्हती. तिचे नाव जुन्या यादीत होतेच, आणि काही मळ्यांत ती पुन्हा लावली गेली आहे.