लिग्निन, कागद आणि वर्ध्याची पऱ्हाटी

इतिहाससंशोधकाचा कागदाशीं नित्य संबंध येतो. परंतु कागदाच्या आयुष्याचा विचार तो क्वचितच करतो. पेशवेकालीन जुन्नरी किंवा दौलताबादी कागदावरील पत्र दोन-अडीचशें वर्षांनंतरही घडी उलगडून वाचतां येतें; उलट विसाव्या शतकाच्या आरंभींचें वर्तमानपत्र हातीं घेतांच त्याचा चुरा होतो. हें कां घडतें? 'जुनें तें सोनें' हें उत्तर आमच्या मतें पुरेसें नाहीं.

जुना देशी कागद चिंध्या व तागाचीं जुनीं दोरखंडें चुन्यांत भिजवून व कुटून होत असे. त्यांत शुद्ध तंतूचा भाग मोठा, आणि चुन्याचा अंश आम्लाला आवर घालणारा. १८४४ च्या सुमारास जर्मनींत केलर यानें लाकूड दगडावर घासून लगदा करण्याची युक्ति काढली. पुढें कागद स्वस्त झाला; परंतु लाकडांतील लिग्निन त्यांत तसेंच राहिलें. उजेड व हवा यांच्या योगानें तें पिवळें पडतें, आणि खळीबरोबर येणाऱ्या तुरटीचें आम्ल तंतु तोडतें. तात्पर्य, आमच्या दप्तरांचें दीर्घायुष्य हें मुख्यतः द्रव्यगुणाचें फळ आहे.

लिग्निन हें नांव लाकूड या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून द कांदोल या स्विस वनस्पतिशास्त्रज्ञानें १८१३ मध्यें दिलें. तंतूंना सांधून लाकडास ताठपणा देणारें द्रव्य तें हेंच. कागद करणाऱ्यानें मात्र त्यास नेहमीं शत्रूच मानिलें.

आतां वर्धा जिल्ह्याकडे वळूं. १८६२ मध्यें नागपुरापासून वेगळा झालेला हा जिल्हा कापसाचा. 'हिंगणघाट' हें तर व्यापारांत कापसाच्या एका जातीचेंच नांव झालें होतें. कापसाचा धागा बहुतेक शुद्ध सेल्युलोज असतो. पण त्याच झाडाच्या पऱ्हाटींत सुमारें चतुर्थांश लिग्निन असतें. धागा बाजारांत गेला, पऱ्हाटी चुलींत किंवा शेतांतच जळाली. १४ डिसेंबर १९३४ रोजीं वर्ध्यास अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. जमनालाल बजाज यांनीं दिलेल्या बागेस मगनलाल गांधी यांच्या स्मरणार्थ मगनवाडी हें नांव मिळालें, आणि तेथें कुमारप्पांच्या देखरेखीखालीं हातकागदाचेंही काम चाललें. गांवांत जें वायां जातें त्यांतूनच उद्योग उभा करावयाचा, ही त्या कार्याची एक मुख्य दिशा होती. परंतु लिग्निन काढून टाकावें, एवढेंच त्या काळच्या कागदविद्येस ठाऊक होतें.

तें कामास लावण्याची वाट दाखविली ती बुरशीनें. १८८३ मध्यें योशिदा या जपानी रसायनज्ञानें लाखवृक्षाच्या चिकांत एक विकर ओळखलें. पुढें बर्त्राँ यानें त्यास लॅकेज म्हटलें. तसलेंच विकर लाकूड कुजविणाऱ्या बुरशींतही आढळतें. १९८३ मध्यें अमेरिकेंत टिएन व कर्क यांनीं पांढरी कूज करणाऱ्या बुरशींतून लिग्निन फोडणारें निराळें विकर मिळविलें. आपल्याकडे काडावर वाढविली जाणारी धिंगरी अळंबी याच वर्गांतली. पुढें २०१५ मध्यें लिग्निनच्या तुकड्यांपासून जीवाणूंकरवीं म्युकोनिक आम्ल करून, त्यांतून नायलॉनचा एक घटक मिळविल्याचें अमेरिकेंतून प्रसिद्ध झालें.

तथापि वाचकांनीं घाईनें हर्ष मानूं नये. लॅकेज लिग्निन फोडतें तसें तुटलेले तुकडे पुन्हा जोडतेंही. शिवाय हातीं येतें तें अनेक द्रव्यांचें मिश्रण, आणि तें वेगळें करणें खर्चाचें. लाकडापासून व्हॅनिला-सुगंधाचें द्रव्य नॉर्वेंत व्यापारी प्रमाणावर होतें खरें, पण तें विकरांनीं नव्हे. कागदगिरण्यांचें बहुतेक लिग्निन आजही भट्टींतच जळतें.

घुण लाकूड पोखरतो व अक्षर उमटतें, यास आमचे शास्त्रकार घुणाक्षरन्याय म्हणत. तेथें ज्ञान नाहीं, योगायोग आहे. विकरांच्या अभ्यासानें तोच योगायोग पद्धतींत आणावयाचा आहे. गुलाबी बोंडअळीच्या भयानें हंगामानंतर पऱ्हाटी शेतांत ठेवूं नये असा सल्ला दिला जातो. तेव्हां ती गोळा करणें शेतकऱ्यास तसेंही भाग आहे. तिला मोल आलें, तर ती जाळण्याचें कारण उरणार नाहीं. 'टाकाऊ' हा द्रव्याचा गुण नव्हे. तो त्या त्या काळच्या ज्ञानाची मर्यादा सांगतो, एवढेंच आम्हांस या इतिहासावरून दिसतें.