व्यापारशिक्षणातील क्षेत्रभेट आणि ज्ञानाचे उत्तरदायित्व : शांघाय येथील तोआ दोबुन शोइन (१९०१–१९४५)

प्रस्तावना

आंतरराष्ट्रीय व्यापार वर्गात बसून शिकता येतो काय, हा प्रश्न वाणिज्यशिक्षणाइतकाच जुना आहे. हुंडी, विनिमय दर, जकात, विमा या संज्ञा पाठ्यपुस्तकातून समजतात. परंतु माल कोणाच्या हातून कोणाच्या हाती जातो, भाव कोठे ठरतो आणि उधारीचा विश्वास कशावर उभा असतो, हे पेढी, गोदाम व बंदर पाहिल्याशिवाय उमगत नाही. या जाणिवेतूनच वाणिज्य महाविद्यालयांत औद्योगिक भेटी व अभ्याससहली रूढ झाल्या. या पद्धतीच्या इतिहासातील एक विलक्षण प्रयोग जपानी संस्थेने चीनमध्ये केला. शांघाय येथील तोआ दोबुन शोइन या विद्यालयाचे विद्यार्थी अखेरच्या वर्षी कित्येक महिने चीनच्या अंतर्भागात व्यापाराचा अभ्यास करीत हिंडत. या प्रयोगाचे शैक्षणिक यश व त्याची नैतिक मर्यादा या दोन्हींचा परामर्श प्रस्तुत लेखात घेतला आहे.

पूर्वपीठिका

प्रयोगाची मुळे एका औषधाच्या दुकानात आहेत. किशिदा गिन्को हे जपानी व्यापारी डोळ्यांचे औषध व पुस्तके विकत. आराओ सेइ (१८५९–१८९६) हा जपानी लष्करी अधिकारी १८८६ मध्ये चीनमध्ये आला आणि त्याने किशिदांच्या दुकानाची शाखा यांगत्से नदीकाठच्या हांकौ येथे चालविली. विक्रीच्या निमित्ताने तरुण सहकारी दूरवर फिरत आणि बाजारपेठा, रस्ते, लोकस्थिती यांची माहिती जमवीत. चीनशी व्यापार वाढवावयाचा तर त्या देशाची भाषा व बाजार जाणणारी माणसे हवीत, असे आराओचे मत झाले. त्यातून १८९० मध्ये शांघाय येथे जपान-चीन व्यापार संशोधन संस्था स्थापन झाली. तिच्यात सुमारे १५० विद्यार्थी दाखल झाले. १८९३ मध्ये ८९ जणांनी शिक्षण पूर्ण केले. लगेच १८९४ मध्ये चीन-जपान युद्ध सुरू झाले आणि व्यापारासाठी तयार झालेल्या या तरुणांपैकी अनेक जण सैन्यात दुभाषे व हेर म्हणून गेले. पुढील अर्धशतकाचा पेच या आरंभातच दिसतो.

१८९५ च्या शिमोनोसेकी तहाने नवी बंदरे व शहरे जपानी व्यापाराला खुली झाली, तसेच तेथे कारखाने काढण्याची मुभाही मिळाली. मात्र परदेशी कंपन्यांचा अंतर्भागातील व्यवहार ‘काँप्रादोर’ म्हणविल्या जाणाऱ्या स्थानिक मध्यस्थांवर अवलंबून होता. कोनोए आत्सुमारो यांच्या अध्यक्षतेखाली १८९८ मध्ये तोआ दोबुनकाई ही संस्था निघाली. तिने १९०० मध्ये नानजिंग येथे विद्यालय काढले. बॉक्सर उठावाच्या धामधुमीत ते शांघायला हलले आणि १९०१ मध्ये त्यास तोआ दोबुन शोइन हे नाव मिळाले. आराओचे सहकारी नेझु हाजिमे पहिले प्रमुख झाले. बरेचसे विद्यार्थी जपानमधील प्रांतिक शासनांच्या शिष्यवृत्तीवर येत.

महाप्रवासाची पद्धती

विद्यालयात चिनी भाषेवर मोठा भर असे. मध्यस्थाशिवाय बोलता आले तरच व्यवहार कळेल, ही त्यामागील धारणा. १९०७ पासून परराष्ट्र खात्याच्या अनुदानाच्या आधारे अखेरच्या वर्षाचा अभ्यासप्रवास नियमित झाला. ‘महाप्रवास’ या नावाने तो ओळखला जाई. काही विद्यार्थ्यांचा एक गट, ठरलेला मार्ग व ठरलेला विषय अशी रचना असे. गट बोटीने, रेल्वेने, घोड्यावर आणि बहुधा पायी जात. जपानी कंपन्यांच्या शाखा व वकिलाती यांचा आधार मिळे. परंतु खरी शाळा भरत असे ती चिनी पेढ्या, अडत्यांची दुकाने, व्यापारी संघांची सभागृहे आणि जकातनाकी येथे.

तेथे पुस्तकी ज्ञानाची परीक्षा होई. पाठ्यपुस्तकात चांदीचे ‘टाएल’ हे एक परिमाण. बाजारात मात्र जकातीचा टाएल वेगळा, शांघायचा वेगळा, सरकारी खजिन्याचा वेगळा. मापेही गावोगाव, कधी एकाच गावात मालागणिक बदलत. १८५३ मध्ये सुरू झालेला व १९३१ मध्ये रद्द झालेला ‘लीजिन’ हा मार्गकर मालाच्या किमतीत वाटेवर भर घाली. त्यामुळे एखाद्या मालाचा बंदरावरील भाव समजून घ्यावयाचा तर नाणे, माप, वाहतूक, कर व अडत यांची नोंद टप्प्याटप्प्याने करणे भाग पडे. आंतरराष्ट्रीय व्यापाराचे एक टोक बंदरात असले तरी दुसरे शेतात असते, हा धडा विद्यार्थी असा शिकत.

परतल्यावर प्रत्येकास अहवाल लिहावा लागे. शिवाय गटांची प्रवासवर्णने पुस्तकरूपाने निघत. या अहवालांच्या आधारे चीनच्या प्रांतांचा १८ खंडांचा विस्तृत ज्ञानकोश १९१७ ते १९२० या काळात प्रसिद्ध झाला. संस्थेच्या हयातीत सुमारे ७०० मार्गांवर असे प्रवास झाले. चीनच्या प्रादेशिक अर्थव्यवस्थेचे इतिहासकार आजही या सामग्रीकडे वळतात.

ज्ञान कोणासाठी?

मात्र या अहवालांचा वाचक कोण होता, हा प्रश्न टाळता येत नाही. ज्यांच्या दुकानात बसून विद्यार्थ्यांनी प्रश्न विचारले, त्या व्यापाऱ्यांच्या हाती ते ज्ञान परत गेले नाही. ते जपानी कंपन्यांकडे, शासकीय खात्यांकडे व लष्कराकडे गेले. १९३१ मध्ये जपानने मांचुरिया घेतल्यानंतर चिनी अधिकारी या विद्यार्थ्यांना प्रवासाची परवानगी देण्यास नाखूश झाले, यात नवल नाही. १९२० मध्ये सुरू झालेला चिनी विद्यार्थ्यांचा विभागही १९३४ मध्ये बंद पडला. १९३७ मध्ये युद्ध भडकले, विद्यालयाच्या इमारती जळाल्या आणि विद्यार्थी सैन्याबरोबर दुभाषे म्हणून गेले. १९३९ मध्ये संस्थेस विद्यापीठाचा दर्जा मिळाला. १९४५ च्या पराभवानंतर ती बंद झाली.

तथापि सर्व विद्यार्थी साम्राज्याची साधने झाले, असे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही. १९३० मध्ये काही विद्यार्थ्यांनी शांघायला आलेल्या जपानी नौदलाच्या प्रशिक्षणार्थींमध्ये युद्धविरोधी पत्रके वाटली व तुरुंगवास पत्करला. नाकानिशी त्सुतोमु हे त्यांपैकी एक. ज्या देशाचा बाजार शिकण्यास पाठविले, त्या देशाची बाजू काहींना पटली. अनुभवाचे शिक्षण प्रायोजकाच्या हेतूत पूर्णतः बंदिस्त राहत नाही, हे यावरून स्पष्ट होते.

संस्थेचा शेवटही अर्थपूर्ण आहे. तिच्या अध्यापकांनी चिनी-जपानी शब्दकोशासाठी सुमारे १,४०,००० पत्रिका तयार केल्या होत्या. पराभवानंतर त्या चीनने ताब्यात घेतल्या आणि १९५४ मध्ये जपानला परत केल्या. माजी अध्यापकांच्या पुढाकाराने १९४६ मध्ये स्थापन झालेल्या आइची विद्यापीठाने त्यांतून १९६८ मध्ये शब्दकोश सिद्ध केला. या सामग्रीतून दोन्ही भाषांच्या अभ्यासकांच्या उपयोगी पडणारे असे काही अखेर निर्माण झाले.

निष्कर्ष

मुंबईत सिडनहॅम महाविद्यालय १९१३ मध्ये सुरू झाले, तेव्हा शांघायचे विद्यार्थी महाप्रवासावर जातच होते. भारतीय वाणिज्यशिक्षणाने तो मार्ग घेतला नाही, आणि त्यामागील राजकीय हेतू तर अनुकरणीय नाहीच. परंतु पद्धती म्हणून त्यातून तीन गोष्टी घेण्यासारख्या आहेत. पहिली, भेटीपूर्वी भाषेची व विषयाची तयारी. दुसरी, एका मालाचा शेतापासून जहाजापर्यंत सलग मागोवा. तिसरी, प्रत्येक विद्यार्थ्याची स्वतंत्र लेखी नोंद. कंपनीचे सादरीकरण पाहून, छायाचित्र काढून त्याच दिवशी परतणारी भेट यांपैकी काहीच साधत नाही.

चौथी गोष्ट शांघायच्या अपयशातून घ्यावी लागेल. ज्या पेढीने, कामगाराने वा शेतकऱ्याने माहिती दिली, त्याच्यापर्यंत अहवाल परत गेला पाहिजे. ही परतफेड नसेल तर क्षेत्रभेट उत्तम ज्ञान देऊनही यजमानाच्या लेखी टेहळणीच ठरते. अभ्यासक्रमात भेटीला गुण देताना हा निकषही विचारात घेणे अगत्याचे आहे.