चाळिशीनंतरची धाव

मंडळाच्या चिटणीसबाईंनी यंदाच्या स्मरणिकेसाठी काहीतरी लिहाच, असा आग्रह धरला तेव्हा मी आधी नाहीच म्हटले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. हिशेबाची वही आणि माहेरची पत्रे यांपलीकडे मी कधी लेखणी धरलेली नाही. परंतु एका गोष्टीचे उत्तर गेले वर्षभर माझ्याकडे देणे राहिले आहे. ते या निमित्ताने देऊन टाकावे म्हणून हे चार शब्द लिहीत आहे. चुकले-माकले भगिनींनी सांभाळून घ्यावे.

गेल्या वर्षी आपल्या वर्धापनदिनाचे खेळ झाले, ते सर्वांना आठवत असतील. धावण्याची शर्यत तीस वर्षांच्या आतील सुनांसाठी होती. आम्हा मोठ्या बायकांसाठी लिंबू-चमचा आणि संगीत खुर्ची. मी भीतभीतच म्हटले की, आम्हालाही धावू द्या. तेव्हा आपल्यातल्याच एक वडीलधाऱ्या बाई माझ्या पाठीवरून हात फिरवून म्हणाल्या, “अगं, या वयात का बाईमाणसानं धावायचं असतं? काही झालं म्हणजे?” त्यांचे बोलणे मायेचेच होते. पण मला उत्तर सुचले नाही. घरी आल्यावर कॉलेजात जाणाऱ्या माझ्या लेकीला मी म्हटले, “जगात माझ्या वयाच्या बायका कधी धावल्या आहेत का, ते मला शोधून वाचून दाखव.” तिने रोज रात्री थोडे थोडे वाचून दाखविले व मी वहीत टिपून ठेवले. तीच ही हकीकत.

“काही झालं म्हणजे?” हा प्रश्न फार जुना आहे, हे मला पहिल्यांदा समजले. 1928 साली हॉलंडमधील ॲमस्टरडॅम येथे ऑलिंपिकचे सामने झाले. त्यात स्त्रियांसाठी 800 मीटरची शर्यत होती. अंतिम फेरीत नऊ जणी धावल्या आणि नऊच्या नऊ जणींनी शर्यत पुरी केली. जर्मनीची लीना राडके पहिली आली. पण बायका धापा टाकीत खाली बसल्या, कोणी आडव्या झाल्या, याचेच वर्णन वर्तमानपत्रांनी तिखटमीठ लावून छापले. पुरुष धावून आल्यावर असेच दमतात, ते कोणी छापत नाही. परिणाम असा झाला की, ही शर्यतच बंद करण्यात आली, आणि 1960 च्या रोम ऑलिंपिकपर्यंत 200 मीटरहून लांबची शर्यत स्त्रियांना मिळाली नाही. बत्तीस वर्षे गेली. एका पिढीच्या मुली धावल्याविना म्हाताऱ्या झाल्या म्हणावयाच्या.

मॅरेथॉन म्हणजे 42 किलोमीटर आणि 195 मीटरची धाव. आपल्या जुन्या मापाने तेरा कोस तरी होतील. अमेरिकेतील बोस्टन शहरी ही शर्यत 1897 पासून होत आली आहे. पण ती पुरुषांची. 1966 साली बॉबी गिब नावाच्या तरुणीने प्रवेश मागितला, तो नाकारला गेला. तेव्हा ती झुडपाआड लपून राहिली आणि शर्यत सुटताच पुरुषांत मिसळून धावली. पुढच्याच वर्षी कॅथरीन स्विट्झर हिने नावाची नुसती आद्याक्षरे लिहून 261 हा क्रमांक मिळविला. वाटेत एका अधिकाऱ्याने धावत येऊन तिला ओढून बाहेर काढण्याचा यत्न केला. पण तीही शेवटपर्यंत धावली. अखेर 1972 साली बोस्टनने स्त्रियांना रीतसर प्रवेश दिला. त्या वर्षी आठ जणी धावल्या आणि आठही जणी पोहोचल्या.

आता माझ्या मुद्द्यावर येते. दार उघडल्यावर आत कोण शिरले? वीस-बावीस वर्षांच्या मुली तर शिरल्याच. पण त्यांच्या बरोबरीने आणि कित्येकदा त्यांच्या पुढे धावल्या त्या चाळिशी ओलांडलेल्या, लेकुरवाळ्या बायका. त्यांपैकी तिघींची नावे मी पाठच केली आहेत.

पहिली मिकी गोरमन. आईबाप जपानी, जन्म 1935 चा, चीनमधला. पुढे ती अमेरिकेत स्थायिक झाली. अंगकाठी इतकी बारीक की, भूक लागून चार घास जास्त जावेत म्हणून तिच्या यजमानांनी तिला व्यायामास धाडले. तिशी उलटल्यावर ती धावू लागली. 1974 साली अडतिसाव्या वर्षी तिने बोस्टनची मॅरेथॉन जिंकली. 1975 च्या जानेवारीत तिला मुलगी झाली. बाळंतपण झाले, आता हिचे धावणे संपले, असे कोणीही म्हणाले असते. पण 1976 साली एक्केचाळिसाव्या वर्षी तिने न्यूयॉर्कची मॅरेथॉन 2 तास 39 मिनिटे 11 सेकंदांत जिंकली. 1977 साली तर बोस्टन आणि न्यूयॉर्क दोन्ही जिंकल्या. त्यानंतर न्यूयॉर्कला अमेरिकन स्त्री पहिली येण्यास थेट 2017 साल उजाडावे लागले!

दुसरी इंग्लंडची जॉइस स्मिथ. ही दोन मुलींची आई. 1981 च्या मार्च महिन्यात लंडनची पहिली मॅरेथॉन झाली, त्यात स्त्रियांत हीच पहिली आली. वय 43, वेळ 2 तास 29 मिनिटे 57 सेकंद. पुढच्या वर्षी पुन्हा तीच पहिली, आणि 14 सेकंद लवकर! वय एका वर्षाने वाढले आणि वेळ कमी झाली, हे ऐकून मी लेकीला ती ओळ दोनदा वाचावयास लावली.

तिसरी प्रिसिला वेल्च, हीही इंग्लंडचीच. ही पस्तिशीच्या सुमारास प्रथम धावू लागली आणि त्याआधी चक्क सिगारेट ओढीत असे. 1987 साली बेचाळिसाव्या वर्षी तिने लंडन येथे 2 तास 26 मिनिटे 51 सेकंद अशी वेळ दिली आणि त्याच वर्षी न्यूयॉर्कची मॅरेथॉन जिंकली. जॉइस व प्रिसिला या दोघींनाही शिकविणारे त्यांचे यजमानच होते, हे आपल्याकडील यजमान मंडळींनी अवश्य वाचावे.

ऑलिंपिकमध्ये स्त्रियांची मॅरेथॉन प्रथम झाली ती 1984 साली, लॉस एंजेलिस येथे. जोन बेनॉइट पहिली आली. प्रिसिला सहावी आली आणि 46 वर्षांची जॉइस अकरावी. याच शर्यतीत स्वित्झर्लंडकडून धावणारी 39 वर्षांची गॅब्रिएला अँडरसन-शीस उन्हाने इतकी बेजार झाली की, मैदानावरचा शेवटचा फेरा तिने झोकांड्या खात पुरा केला. वाटेतले शेवटचे पाण्याचे ठिकाण तिच्या हातून निसटले होते. ती थोड्याच वेळात बरी झाली. 1928 सालासारखी ही शर्यत मात्र या खेपेस कोणी बंद केली नाही. उन्हात पाणी चुकवू नये, एवढाच धडा लोकांनी घेतला. “काही झालं म्हणजे?” या प्रश्नाचे खरे उत्तर हेच असावे. काही होऊ नये म्हणून काय करावे ते शिकावयाचे.

ते शिक्षण मलाही थोडे घ्यावे लागले. डॉक्टरांनी साखर वाढत चालल्याचे सांगितल्यापासून मी पहाटे कालव्याच्या कडेने चालू लागले होते, आणि चालता चालता धावू लागले. उत्साहाच्या भरात रोजच जीव तोडून धावे. दीड महिन्यात नडगी अशी धरली की, जिना उतरताना डोळ्यांत पाणी येई. यजमान म्हणाले, “झाली हौस?” मी पंधरा दिवस गप्प घरी बसले. मग लेकीने कॅनडातील एड व्हिटलॉक यांची हकीकत वाचून दाखविली. हे गृहस्थ 72 व्या वर्षी पुरी मॅरेथॉन तीन तासांच्या आत धावले. सत्तरीनंतर असे धावणारे जगात ते पहिलेच. पुढच्या वर्षी, म्हणजे 2004 साली, त्यांनी 2 तास 54 मिनिटे 48 सेकंदांत ती पुरी केली. 85 व्या वर्षीही चार तासांच्या आत! त्यांचा सराव कसा, तर घराजवळच्या दफनभूमीत झाडांखालच्या वाटेवर फेऱ्यामागून फेरे, तेही सावकाश. कधी कधी सलग तीन तास. वेग राखून ठेवावयाचा तो शर्यतीसाठी. गुडघ्याने तक्रार केली की थांबावयाचे, आणि बरे वाटल्यावर पुन्हा थोड्यापासून आरंभ करावयाचा.

त्यावरून मी माझा क्रम बदलला. आता आठवड्यातून चारच दिवस धावते. त्यांतले तीन दिवस इतके सावकाश की, शेजारीण बरोबर असली तर बोलता यावे. एकच दिवस थोडा जोर. मधल्या दिवसांत चालणे आणि उठबशा. वयाबरोबर शरीराची झीज भरून यावयास जास्त वेळ लागतो. तरुण मुलगी रात्रीच्या झोपेत ताजी होते, आपल्याला दोन रात्री लागतात. पाळी जावयाच्या सुमारास हाडे ठिसूळ होऊ लागतात, म्हणून पायांत बळ असावे लागते. नाचणी, डाळ, ताक हे घरचेच. पण आपण बायका सर्वांचे वाढून उरलेले खातो, ते धावणाऱ्या बाईला चालत नाही. ज्यांना छातीचा, गुडघ्याचा वा रक्तदाबाचा त्रास आहे त्यांनी डॉक्टरांस विचारूनच आरंभ करावा.

यंदा हिवाळ्यात मी तालुक्याच्या एका शर्यतीत नाव घातले. पाच किलोमीटरची होती. टेबलावरच्या गृहस्थांनी वय विचारले आणि म्हणाले, “मोठ्या बायकांचा गट नाही. मुलींत घालू का?” मी म्हटले, घाला. मी शेवटून दुसरी आले. पोहोचले तेव्हा बक्षीस-समारंभ सुरू झाला होता आणि दोरी सोडून ठेवली होती. वेळ कोणी लिहून घेतली नाही. घरच्या घड्याळावर ती 38 मिनिटे भरली. शेवटून दुसरी आल्याचे मला वाईट वाटले नाही. माझ्या पुढच्या मुली माझ्या लेकीच्या वयाच्या होत्या. माझ्या वयाच्या बाईसाठी तेथे कागदावर रकानाच नव्हता, ते मनाला लागले.

हा रकाना जगात फार दिवसांपासून आहे. प्रौढ खेळाडूंचे जागतिक सामने 1975 साली कॅनडातील टोरांटो येथे प्रथम झाले. त्यात पाच-पाच वर्षांचे गट असतात. चाळिशीची चाळिशीशी, सत्तरीची सत्तरीशी. मूळच्या कोरियाच्या, अमेरिकेत राहणाऱ्या जीनी राइस पस्तिशीत वजन उतरविण्यासाठी धावू लागल्या. 2018 साली सत्तराव्या वर्षी त्यांनी आपल्या गटात जगातील सर्वांत वेगवान मॅरेथॉन केली, 3 तास 27 मिनिटे 50 सेकंदांत. रकाना असला म्हणजे त्यात भरावयास माणसे येतात.

आपल्या मुलखात तरी अशा बायका कुठे आहेत, असे कोणी विचारील. बारामतीच्या लता करे आठवा. यजमानांच्या औषधपाण्याला पैसे हवेत म्हणून साठी ओलांडलेल्या या माउलीने 2014 साली तेथील शर्यतीत नऊवारी लुगडे नेसून, अनवाणी धावून पहिले बक्षीस मिळविले. पुढे त्यांच्या आयुष्यावर चित्रपटही निघाला. आणि आषाढीला आळंदीहून पंढरीला निघणाऱ्या म्हाताऱ्या? डोक्यावर तुळस घेऊन अडीचशे किलोमीटर पायी जातात. त्यांना वाटेत कोणी म्हणत नाही की, या वयात काही झाले म्हणजे? उलट पाया पडतात. लांबच्या वाटेला लागणारी चिकाटी आपल्या बायकांत नाही, असे म्हणावयास कोणाला जीभ उचलवेल?

म्हणून या स्मरणिकेतून मंडळाच्या कार्यकारिणीस माझी एक नम्र विनंती आहे. येत्या वर्धापनदिनी एक मैलाची शर्यत ठेवावी, आणि तिच्यात तीन गट असावेत: पस्तीस ते पंचेचाळीस, पंचेचाळीस ते साठ, आणि साठीच्या पुढे. जिला धावता येईल तिने धावावे, जिला चालता येईल तिने चालावे. वाटेत पाणी ठेवावे, सावलीच्या वेळी शर्यत घ्यावी, आणि शेवटची बाई येईपर्यंत दोरी सोडू नये. प्रत्येकीची वेळ वहीत लिहून ठेवावी, म्हणजे पुढील वर्षी तिला स्वतःशीच शर्यत लावता येईल. बक्षिसाला स्टीलचा डबा असला तरी पुरे. पहिल्या वर्षाचे डबे मी देईन.

ज्या वडीलधाऱ्या बाईंनी माझ्या पाठीवरून हात फिरविला होता, त्यांना हा लेख मी आधी वाचून दाखविला. त्यांनी सारे ऐकून घेतले. जॉइस स्मिथच्या मुली केवढ्या होत्या, असे विचारले. मग म्हणाल्या, “साठीच्या पुढचा गट ठेवणार असाल तर माझं नाव लिही. मी चालेन.” ते पहिले नाव मी लिहिले आहे. बाकीच्या भगिनींनी आपापली नावे चिटणीसबाईंकडे द्यावीत.