आयर्लंडमधील रुग्णालये : किरणोत्सर्गी खोके दूषित आढळल्यास

आयर्लंडमध्ये अणुभट्टी नाही. त्यामुळे अणुवैद्यक विभागांना लागणारे मोलिब्डेनम-९९ परदेशातून मागवावे लागते. त्याचा अर्धायुकाल ६६ तासांचा, तर त्यापासून मिळणाऱ्या आणि हाडे, हृदय व मूत्रपिंडांच्या तपासणीत वापरल्या जाणाऱ्या टेक्नेशियम-९९एमचा अवघा ६ तासांचा असतो. असा माल साठवून ठेवता येत नाही. एक खोके नाकारले गेले, तर त्या दिवसाच्या तपासण्या पुढे ढकलाव्या लागतात. म्हणूनच खोके स्वीकारताना घाईचा मोह होतो आणि नेमकी तेव्हाच शिस्त लागते.

प्रारण आणि दूषण

खोक्याजवळ मापक वाजला म्हणजे अपघात झाला, असे नव्हे. पांढऱ्या लेबलच्या खोक्याच्या पृष्ठभागावर ताशी ०.००५ मिलिसीव्हर्टपर्यंत, तर पिवळ्या लेबलच्या दोन वर्गांत अनुक्रमे ०.५ आणि २ मिलिसीव्हर्टपर्यंत प्रारण ग्राह्य असते. दूषण ही वेगळी बाब आहे. त्यात किरणोत्सर्गी पदार्थच बाहेरील पृष्ठभागावर सांडलेला असतो आणि तो हातमोजे, ढकलगाडी किंवा दाराच्या मुठीपर्यंत पोहोचू शकतो. बीटा व गॅमा उत्सर्जकांसाठी त्याची मर्यादा प्रति चौरस सेंटिमीटर ४ बेक्वेरेल, तर बहुतेक अल्फा उत्सर्जकांसाठी ०.४ बेक्वेरेल आहे. खोक्याच्या स्वतःच्या प्रारणामुळे जवळच्या मापकाला हे दूषण वेगळे ओळखता येत नाही. त्यासाठी पृष्ठभाग पुसून घेतात आणि तो नमुना खोक्यापासून दूर नेऊन मोजतात.

दूषण आढळल्यास

खोके उघडू नये, नळाखाली धुऊ नये आणि परस्पर परतही पाठवू नये. हातमोजे घालून ते प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करावे व संरक्षित खोलीत वेगळे ठेवावे. ते ज्यांनी हाताळले त्यांचे हात, कपडे व पादत्राणे तपासावीत. चालक निघून जाण्यापूर्वी त्याची व वाहनाची तपासणी व्हावी, कारण तेच वाहन पुढच्या रुग्णालयाकडे जाणार असते. मोजमापे व वेळा लिहून ठेवाव्यात आणि प्रारण संरक्षण अधिकारी, सल्लागार व पुरवठादार यांना कळवावे. अल्पायुषी पदार्थ असल्यास काळच बरेचसे काम करतो. १० अर्धायुकालांनंतर सुमारे एक सहस्रांश किरणोत्सर्ग उरतो. मोलिब्डेनमला त्यासाठी साधारण २८ दिवस लागतात, आयोडीन-१३१ला ८० दिवस.

नियामक कोण?

पूर्वीच्या प्रारण संरक्षण संस्थेचे काम १ ऑगस्ट २०१४ पासून पर्यावरण संरक्षण संस्था (ईपीए) पाहते. परवाने आणि घटनांची नोंद २०१९च्या आयनकारी प्रारण नियमांनुसार तिच्याकडे होते. वैद्यकीय तपासणी वा उपचारांत रुग्णांना मिळणाऱ्या प्रारणाची देखरेख मात्र ‘हिक्वा’कडे असते.

शेजारचा धडा

मार्च २००२ मध्ये इंग्लंडमधील लीड्सच्या कुकरिज रुग्णालयातून कोबाल्ट-६०चा स्रोत सेलाफिल्डला नेण्यात आला. कवचाची एक गुडदी बसवायची राहून गेल्याने वाटभर तीव्र प्रारणाचा झोत जमिनीच्या दिशेने निसटत होता. दिशा खालची होती म्हणून कोणाला इजा झाली नाही. वाहतूकदार कंपनीला २००६ मध्ये अडीच लाख पौंड दंड झाला. कागदपत्रे व लेबल यांवर विसंबून न राहता सर्व बाजूंनी प्रत्यक्ष मोजमाप करावे, हा त्याचा धडा.

भारतातही वाहतुकीचे नियम आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या नियमांवरच आधारलेले आहेत. त्यामुळे वाशीच्या ‘ब्रिट’कडून येणारी खोकी हाताळलेल्यांना डब्लिनमधील लेबले ओळखीची वाटतील. घटना कळवण्याचे ठिकाण मात्र निराळे आहे. तेथे अणुऊर्जा नियामक मंडळ, येथे ईपीए.